क्लॉ मशीन, स्टॅकर वगैरेंमधून सराव करून मोठं बक्षीस जिंकता येतं का, की सगळी फसवाफसवीच असते?

सरसकट फसवाफसवी नाही, पण सरावाचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही हे मशीनगणिक बदलतं. मी काही काळ एका गेम झोनमध्ये मशिनं उघडून दुरुस्त करायचं काम केलंय, त्या भरवशावर सांगतो.

क्लॉ मशीन म्हणजे काचेच्या पेटीतला टेडी पंज्याने उचलायचा खेळ. त्याच्या पंज्यावर तारेची कॉइल असते. तिला जेवढा व्होल्टेज, तेवढी पकड घट्ट. हा व्होल्टेज मालकाला मशीनच्या सेटिंगमधून ठरवता येतो आणि बऱ्याच मशिनांत उचलतानाचा वेगळा, वर गेल्यानंतरचा वेगळा ठेवता येतो. म्हणून टेडी झकास उचलला जातो, पंजा वर टेकतो, बारीकसा हिसका बसतो आणि टेडी खाली! काही मशिनांत तर मालकाने खेळाचा दर, बक्षिसाची किंमत आणि हवा तेवढा नफा भरायचा. किती खेळांमागे एकदा पूर्ण ताकद द्यायची ते मशीनच ठरवतं. ती पाळी नसेल तर अचूक नेमही बहुतेक वाया जातो. आणि पाळी असताना तुमचा नेम चुकला, तर तीही गेलीच.

जपानमधली गोष्ट थोडी निराळी आहे. तिथेही पंजे मरतुकडेच, पण खेळ उचलण्याचा नसून बक्षीस ढकलत, सरकवत कडेपर्यंत आणण्याचा असतो. अडलात तर कर्मचारी बक्षीस सोयीच्या जागी ठेवूनही देतात. ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

खरी गोम स्टॅकर (सरकणारे ठोकळे बटण दाबून एकावर एक रचायचे) आणि की मास्टर (किल्लीसारखा दांडा नेमका भोकात घालायचा) यांसारख्या मशिनांत आहे, कारण ती दिसतात निव्वळ कौशल्याची. स्टॅकरमध्ये छोट्या बक्षिसापर्यंत हात चांगला बसला की पोचता येतं. सगळ्यात वरच्या रांगेतलं मोठं बक्षीस किती खेळांमागे एकदा द्यायचं, हे मात्र मालक सेट करू शकतो; तुम्ही बटण बरोबर वेळी दाबता आणि ठोकळा एक घर पुढे सरकून थांबतो. "अरेरे, थोडक्यात हुकलं" म्हणत माणूस पुन्हा कार्ड स्वाइप करतो, आणि धंदा त्या 'थोडक्यात'वरच चालतो. की मास्टरवरून २०२१ मध्ये अमेरिकेत सेगा या गेम कंपनीवर खटला झाला. आरोप हाच होता की ठरावीक वेळा लोक हरल्याशिवाय मशीन जिंकूच देत नाही.

सराव करायचाच असेल तर स्कीबॉल (चढावरून चेंडू घरंगळवत भोकात टाकायचा खेळ) किंवा बास्केटबॉल धरा. चेंडू भोकात गेला की गेला, तिथे आतून कुणी पंजा ढिला करत नाही. स्कीबॉल १९०८-०९ पासून चालत आलाय तो उगाच नाही. फक्त बक्षिसांवर बदलून घ्यायची तिकिटं खोऱ्याने मिळाली म्हणून हुरळू नका, काउंटरवरचे दर त्या हिशेबानेच लावलेले असतात. आधी काउंटरवर जाऊन हव्या त्या वस्तूला किती तिकिटं लागतात ते बघा, मग एका खेळाला साधारण किती तिकिटं सुटतात ते बघून भागाकार करा. बहुतेक वेळा ती वस्तू दुकानातून विकत घेणं स्वस्त पडतं.

तरीही क्लॉच खेळायचं असेल तर आधी बाजूला उभं राहून दुसऱ्यांचे डाव बघा. पंजा वर जाताना एकदाही घट्ट राहत नसेल, किंवा टेडी एकमेकांत कोंबून भरले असतील, तर त्या मशीनच्या नादी लागू नका. बक्षीस पडायच्या भोकाच्या काठावर एखादा टेडी कललेला दिसला तर मात्र एखादा डाव टाकायला हरकत नाही.