गुगलला सोडा, कोटेशनची मागची बाजू वाचा

प्रश्न (थोडक्यात): येवल्यात आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे. वीस महिन्यांपूर्वी पुण्याच्या एका एजन्सीमार्फत गुगलवर जाहिराती सुरू केल्या. गिऱ्हाइकं फोनवर काय शब्द वापरतात ते वहीत टिपून मी ३८ शब्दप्रयोगांची यादी एजन्सीला व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिली होती. सहा महिन्यांत त्याच शब्दांवर मुंबईच्या एका मोठ्या साडी-साखळीची जाहिरात आमच्या वर दिसू लागली. एजन्सीच्या वेबसाइटवर त्या साखळीचा लोगोही आहे. गुगल लहान जाहिरातदारांचे कीवर्ड, म्हणजे ज्या शब्दांवर जाहिरात दिसते ते, मोठ्यांना देतं का? गुगलवर केस होईल का? की सायबर पोलिसांत जाऊ? वेगळा करार केला नव्हता. कोटेशन सोबत जोडलं आहे. यादी पाठवली तो फोन मी नंतर बदलला.

उत्तर: हा प्रश्न कधी हळदवाल्याकडून येतो, कधी आंबेवाल्याकडून, आणि प्रत्येकाला आरोपी म्हणून गुगलच हवा असतो. तुम्ही निदान कोटेशन जोडलंत. ते तुम्ही स्वतः वाचलेलं नाही, हे मात्र स्पष्ट दिसतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात नववी अट आहे: एजन्सीने तयार केलेली मोहिमेची रचना, कीवर्ड यादी आणि त्यातून निघालेले निष्कर्ष एजन्सीच्या मालकीचे राहतील व ते इतर ग्राहकांसाठी वापरायला एजन्सी मोकळी राहील.

‘मी सही कुठे केली होती?’ असं म्हणू नका. पन्नास टक्के अॅडव्हान्स त्याच कोटेशनवर भरलात, काम करून घेतलंत, बिलं चुकती केलीत. करार कायदा, १८७२ च्या कलम ८ प्रमाणे कृतीतूनही प्रस्ताव स्वीकारला जातो. पैठणी घेताना पदर उलटा करून विणकाम बघणारा माणूस कागद उलटा करून बघत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

तर तुमचा सगळा खटला त्या अटीतल्या दोन शब्दांवर उभा आहे: ‘तयार केलेली’. एजन्सीने स्वतः शोधलेले कीवर्ड तिचे, हे मान्य करून टाका. पण ते ३८ शब्दप्रयोग एजन्सीने तयार केले नव्हते. ते तुमच्या वहीतून आले, गिऱ्हाइकांच्या तोंडून आले. अट जिने लिहिली तीच बाजू तिचा अर्थ ताणू पाहत असेल, तर न्यायालय सहसा संशयाने बघतं. आणि लेखी गोपनीयतेची अट नसली तरी विश्वासाने दिलेली माहिती परस्पर वापरू नये, हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल या २००३ च्या निकालात लावलेलं आहे. तिथे वाद मालिकेच्या कल्पनेचा होता. तुमच्या यादीला ते तत्त्व कितपत लागू होईल, याची खात्री मी देणार नाही. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे अजून वेगळा कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात मसुदा दिला, एवढंच.

समोरचा वकील पहिल्याच दिवशी विचारेल की यात गुपित काय आहे? कोणीही तो शब्द टाइप केला की तुमची जाहिरात दिसते. हे खरंच आहे, आणि बाजारात अशी जाहिराती टिपून कीवर्डचा अंदाज बांधणारी साधनंही मिळतात. म्हणून शब्दांवर भर देऊ नका. कोणत्या शब्दावर नुसतं क्लिक येतं आणि कोणत्या शब्दावर ऑर्डर येते, हा हिशेब बाहेरून कोणालाच दिसत नाही. ३८ पैकी नेमक्या कमाई देणाऱ्या शब्दांवरच साखळी उतरली असेल आणि बाकीचे तिने सोडले असतील, तर प्रकरणात दम आहे. सगळ्याच शब्दांवर ती दिसत असेल, तर बहुधा तिने नुसता ‘पैठणी’ हा शब्द ब्रॉड मॅचवर (मिळत्याजुळत्या शोधांवरही जाहिरात दिसेल असा) टाकलाय आणि यंत्रणा तिला तुमच्या दारात आणून सोडते आहे. हे आधी तपासा. त्यासाठी स्वतःच्याच जाहिरातीवर क्लिक करत बसू नका.

गुगलबद्दल थोडक्यात. ऑक्शन इनसाइट्स या गुगल अॅड्सच्या अहवालात स्पर्धकाचं संकेतस्थळ आणि तुमच्याशी किती वेळा गाठ पडली याची टक्केवारी दिसते; कीवर्ड किंवा बोली दिसत नाही. कीवर्ड प्लॅनर या गुगलच्याच साधनातले आकडे एकत्रित अंदाज असतात. अमेरिकेत न्यायाधीश अमित मेहता यांनी २ सप्टेंबर २०२५ रोजी गुगलला शोधाचा काही डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितलं, त्या बातमीने अनेकांचा गोंधळ झालाय. ते स्पर्धक म्हणजे दुसरी सर्च इंजिनं, साडीची दुकानं नव्हेत. शिवाय जाहिरातींचा डेटा त्यातून वगळलेला आहे. स्पर्धा आयोगाकडे जायचं मनात असेल तर मॅट्रिमोनी डॉट कॉमचं गुगलविरुद्धचं प्रकरण बघा: तक्रार २०१२ ची, निकाल फेब्रुवारी २०१८ चा, दंड १३५.८६ कोटी रुपयांचा, पण अॅडवर्ड्सबद्दलचा (गुगल अॅड्सचं जुनं नाव) आरोप तिथेही टिकला नाही. सहा वर्षं आणि तेवढे वकील तुम्हाला परवडणार नाहीत. सायबर पोलिसांचंही राहू द्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७२अ व्यक्तिगत माहितीसाठी आहे, २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही तसाच. साडीच्या कीवर्डना त्यात जागा नाही. एजन्सीने स्पर्धकाचं काम घेतलं, हीसुद्धा तक्रार होत नाही. तशी मनाई तुम्ही घातलीच नव्हती.

आता फोन. यादी ज्या फोनवरून गेली तो तुम्ही बदललात आणि बॅकअपबद्दल अवाक्षर लिहिलेलं नाही. ग्रुपमध्ये घरचं आणखी कोणी असेल तर त्याला आजच सांगा, फोन विकू नको, चॅट पुसू नको. जालन्याच्या निवडणुकीवरून गाजलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीवर भिस्त असेल तर तिच्या खरेपणाचं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केलं तर गोष्ट वेगळी. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे आणि प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही (फाइलची डिजिटल ओळखखूण) द्यावी लागते. स्क्रीनशॉटची प्रिंट काढून लॅमिनेट करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

पण मला खरी घाई वेगळ्याच गोष्टीची आहे. गुगल अॅड्सच्या खात्यात कोणी, कधी, कोणता कीवर्ड घातला याची नोंद चेंज हिस्टरीत राहते, ती फक्त मागच्या दोन वर्षांची. तुमची मोहीम वीस महिने जुनी, म्हणजे तुमची यादी खात्यात पडल्याचा पुरावा चार महिन्यांत दिसेनासा होईल. साखळीच्या खात्यातली नोंद चौदा महिन्यांपूर्वीची असेल तर ती दिसेनाशी व्हायला दहा महिने. हे चौदा महिने तुम्ही नुसते चिडून काढलेत.

कोर्टाचा वेग यापेक्षा मंद आहे. दावा तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा असेल तर तो वाणिज्य न्यायालयात जाईल, आणि तातडीचा अंतरिम आदेश मागितल्याशिवाय वाणिज्य न्यायालय कायद्याच्या कलम १२अ खाली आधी मध्यस्थी करावी लागेल. सर्वोच्च न्यायालयाच्या पाटील ऑटोमेशन प्रकरणातल्या २०२२ च्या निकालानंतर त्यातून सुटका नाही. मध्यस्थीला तीन महिने, दोघांनी मान्य केलं तर आणखी दोन. तातडी सांगायला गेलात तर न्यायाधीश विचारतील, चौदा महिने तातडी कुठे होती? तुमचं उत्तर एकच असू शकतं: नुकसान जुनं आहे, पण पुरावा आता पुसला जातोय. कोटेशनवर ‘पुणे न्यायकक्षा’ छापलेलं आहे, तेव्हा नाशिकचा विचार करू नका.

याच आठवड्यात वकिलाकडून नोटीस पाठवा. तुमच्या गुगल अॅड्स खात्याचा दहा आकडी ग्राहक क्रमांक एजन्सीकडे मागा. तो मागितल्यावर द्यायचा आणि प्रत्येक जाहिरातदाराचं खातं वेगळं ठेवायचं, असं गुगलचं एजन्सींसाठीचं धोरण सांगतं. खात्याचा अॅडमिन अॅक्सेस मागा आणि मिळाल्या दिवशी पूर्ण चेंज हिस्टरी उतरवून घ्या. दोन्ही खात्यांच्या नोंदी जपून ठेवाव्यात, असं स्पष्ट लिहा. पुढे त्या नाहीशा झाल्या तर न्यायालयाला सांगायला तेवढं तरी राहील. आरोप करू नका, साखळीचं नाव घेऊ नका. आणि नोटिशीत ते ३८ शब्दप्रयोग लिहू नका. अमुक तारखेचा, अमुक वाजताचा संदेश, इतकाच उल्लेख करा. यादी न्यायालयात बंद पाकिटात द्यायची.