वाचक विचारतात : भांडं उलटं करा, मग भाव विचारा

प्रश्न : आम्ही जयसिंगपूरचे. येत्या रविवारी मी, सासूबाई आणि माझी मुलगी असं तिघी मिळून कोल्हापूरला एक दिवस फक्त जुन्या वस्तू बघायला यायचं म्हणतोय. पितळेचा डबा, समई, जमलं तर पाणी तापवायचा बंब. पण खरं जुनं कसं ओळखायचं ते काहीच माहीत नाही, आणि सासूबाई म्हणतात दुसऱ्याच्या घरची भांडी विकत आणू नयेत. काय करावं?

ताई, नक्की या, आणि सकाळच्या गाडीनंच या, कारण ऊन चढलं की भांड्यांच्या दुकानात उभं राहवत नाही आणि मग माणूस कंटाळून काहीतरी घेऊन टाकतो. स्टेशनवरून लक्ष्मीपुरी जवळ आहे, रविवारी तिथं आठवडी बाजार भरतो. भाजी, मिरची, कडधान्य सगळं ओलांडून पुढं गेलात की कुठंतरी कडेला पोत्यावर कुलपं, अडकित्ते, जुने कंदील, स्टोची पितळी टाकी असं मांडून बसलेला एखादा भेटतो. भेटेलच असं नाही, पण आठवडी बाजारात असली मंडळी कडेलाच बसतात म्हणून कडेनं फिरायचं. दुपारी महाद्वार रोडच्या बाजूला जुनी पितळ-तांब्याची भांडी मोडीत घेणारी दुकानं विचारत फिरा. काउंटरवर नवी भांडी असतात, जुनी आतल्या खोलीत ढिगानं पडलेली असतात, म्हणून आत बघू का असं विचारायला लाजू नका.

पण माझं ऐकाल तर खरेदीच्या आधी एक तास टाऊन हॉल म्युझियममध्ये घालवा, सीपीआर हॉस्पिटलसमोरच आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेल्या वस्तू तिथं आहेत, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती, म्हणजे समुद्रापारच्या रोमन जगातून व्यापारात आलेली वस्तू आपल्या पंचगंगेच्या काठी निघाली! मुलीला ती दाखवाच. खरंखुरं जुनं ब्राँझ कसं दिसतं हे डोळ्यात बसलं की मग दुकानात ॲसिड मारून काळं केलेलं पितळ लगेच खटकतं.

आता ओळखायचं कसं. भांडं हातात घ्या आणि पहिल्यांदा उलटं करा. वरून सगळेच घासूनपुसून चकचकीत ठेवतात, खरं काय ते तळ सांगतो. पन्नास वर्षं चुलीजवळच्या फरशीवर सरकवलेल्या डब्याचा तळ एका बाजूला जास्त झिजलेला असतो, कडेला बारीक पोचे असतात, कडी जिथं घासते तिथं खाच पडलेली असते. मुद्दाम जुनं केलेलं भांडं सगळीकडे सारखंच काळं असतं, अगदी जिथं हात कधी पोचत नाही अशा जागीसुद्धा. बऱ्याच जुन्या हंड्या-कळश्यांना आतून दातासारखा सांधा दिसतो, दोन पत्रे एकमेकांत अडकवून झाळलेला. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा, पितळेला आणि तांब्याला ते चिकटत नाही, चिकटलं तर वरून मुलामा आणि आत लोखंड. आणि गळतंय का ते बघायला पाणी भरून पाच मिनिटं तसंच ठेवायचं, दुकानदार कंटाळला तरी चालेल. बंबाला तर हे हवंच, शिवाय मधल्या नळीतून उजेडाकडे बघा, निखाऱ्यानं आतून पत्रा खाल्लेला असेल तर बारीक भोकं चमकतात.

भावाचं म्हणाल तर सकाळी एखाद्या भांड्यांच्या दुकानात पितळेच्या मोडीचा त्या दिवशीचा किलोचा भाव विचारून ठेवा. मग समईला कुणी काहीही सांगो, तुम्हाला वजनावरून निदान खालचा आकडा कळतो, त्यावर कारागिरीचे किती द्यायचे हे तुमचं मन ठरवेल. आणि जेवणखाणाला वापरणार असाल तर पितळेला आधी कलई, म्हणजे आतून कथलाचा थर, करून घ्या, ताक, आमटी, चिंचेचं काही त्यात कलईशिवाय अजिबात ठेवू नका.

सासूबाईंच्या म्हणण्याबद्दल. माझ्याकडं एक तांब्या आहे, फार वर्षांपूर्वी मोडीच्या ढिगातून उचललेला, वितळवायला निघाला होता. घरी आणून चिंच-मिठानं घासला तर गळ्याखाली टिकल्या-टिकल्यांनी कोरलेली अक्षरं वर आली, "चि. सौ. कां." आणि पुढचं नाव झिजून गेलेलं, मग "मामाकडून", आणि खाली साल १९६१. कुठल्या तरी मामानं भाचीच्या लग्नात दिलेला. तिनं रोज हात लावून लावून स्वतःचंच नाव पुसलं आणि मामा तेवढा राहिला. मी त्यात रोज पाणी भरते. सासूबाईंना एवढंच सांगा की आपण नाही आणलं तर ते भट्टीत जातं. तरी त्यांचं मन धजत नसेल तर देवघरातलं काही घेऊ नका, डबा घ्या, डब्याला त्या नाही म्हणणार नाहीत असं वाटतं.

प्रश्न : कागलहून लिहितोय. बाजारात एकानं राम-सीतेचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ चं नाणं दाखवलं, लाखात किंमत आहे म्हणाला, पाच हजारात देतो म्हणतो. घ्यावं का?

नको भाऊ, पाच रुपयांनाही नको. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, ही सगळी नंतर तयार केलेली टोकनं आहेत. मी स्वतः एकदा बाजारात राणीचा चांदीचा रुपया म्हणून एक घेतला होता आणि घरी काट्यावर ठेवला तर दोन ग्रॅम कमी, आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. तेव्हापासून खिशात छोटा वजनकाटा असतो. खरा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी, १९४० ते ४५ च्या रुपयात निम्मीच, आणि १९४७ चा रुपया चक्क निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतं, म्हणून तो कुणी चांदीचा म्हणून देत असेल तर तिथंच पकडता येतो. सुरुवात करायची तर भोकाचा पैसा घ्या, १९४३ ते ४७ मधला, स्वस्तात मिळतो आणि आजोबा असतील घरात तर ते बघून बोलायला लागतात. आणि जुनी नाणी घासू नका, हात जोडून सांगते. भांड्याचं वेगळं, नाण्याची घासली की किंमत गेली.

आणखी एक, तांब्याचं भांडं तांदूळ ओढतं, कोटीत जातं असं सांगणारा कुणी भेटला तर तिथून सरळ निघा, त्या राइस पुलरच्या नादात आपल्याकडं किती लोकांनी पैसे घालवलेत.

प्रश्न : राधानगरीहून. आजोबांची हस्तिदंती फणी आणि एक जुनी दगडी मूर्ती घरात आहे. एखाद्या बाजारात नेऊन विकावी का?

फणी बाजारात काढूच नका, हस्तिदंताच्या विक्रीला वन्यजीव कायद्यानं बंदी आहे, वारशानं आलेली असली तरी. तुमच्या भागातल्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन मालकीच्या दाखल्याचं विचारा. मूर्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर तिला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, तिची नोंदणी करावी लागते, असल्या वस्तूंचा धंदा करायला लायसन लागतं आणि परदेशी तर ती पाठवताच येत नाही. घरात ठेवायला अडचण नाही. चांगल्या उजेडात चारी बाजूंनी फोटो काढा, तळाचाही काढा, आणि ते घेऊन नोंदणीचं काम बघणाऱ्या पुरातत्त्वच्या ऑफिसात जा. तोवर तिला शेंदूर-तेल काही लावू नका, कोरड्या मऊ कपड्यानं पुसलं तरी पुरे.