आपल्यापेक्षा सरस खेळाडूकडून हरताना डोकं शांत कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की रँक्डमध्ये, म्हणजे श्रेणी ठरवणाऱ्या ऑनलाइन सामन्यांत, वरचा खेळाडू समोर आला की दुसऱ्या राउंडपासून हात थरथरतात, रात्री झोप येत नाही आणि सगळे ‘दीर्घ श्वास घे’ एवढंच सांगतात. श्वास घेऊन माझं तरी काही भलं झालं नाही. मी स्ट्रीट फायटर ६ हा एकास एक मारामारीचा व्हिडिओ गेम खेळते, तेव्हा त्यातलंच सांगते.

प्लॅटिनम श्रेणीत असताना तिच्या वरच्या मास्टर श्रेणीतल्या एका खेळाडूला मी दहा विजयांच्या सेटसाठी, म्हणजे आधी दहा गेम जिंकेल त्याचा सेट, विचारलं. तो लगेच हो म्हणाला. ०-४ पर्यंत मी बरी होते. पाचव्या गेमला त्याने मला कोपऱ्यात दाबलं, मी ड्राईव्ह इम्पॅक्ट (समोरचा मार झेलत जाणारा जोरदार फटका) मारला, माझ्यामागोमाग त्याने त्याचा मारला, आणि नंतर मारणाऱ्याचाच लागतो. पुढच्या राउंडला तेच. त्याच्या पुढच्याला परत तेच. सातव्या गेमपर्यंत कान तापले होते आणि मला स्क्रीनवर फक्त त्याचा माज दिसत होता. ०-१०. साधं ‘धन्यवाद’ही न लिहिता मी बाहेर पडले, याची मला आजही लाज वाटते.

दादा शेजारी बसून बघत होता. म्हणाला, “चिडलीस ना? छान. हा राग सोडू नकोस, आता रँक्ड खेळ.” मी खेळले. अकरापैकी नऊ हरले.

दुसऱ्या दिवशी त्या सेटचे रिप्ले फ्रेम मीटर (कुठली चाल किती फ्रेम, म्हणजे पडद्यावरची किती चित्रं, घेते ते दाखवणारी पट्टी) चालू ठेवून बघितले आणि वहीत मोजत गेले. माझे २३ ड्राईव्ह इम्पॅक्ट, त्यातले १९ कोपऱ्यात पाठ टेकल्यावर. म्हणजे माज वगैरे काही नव्हता, तो फक्त वाट बघत होता. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो आणि ड्राईव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो, जवळजवळ अर्धा सेकंद. वाट बघणाऱ्याला तेवढा वेळ पुष्कळ झाला. उलट चार फ्रेमचा लाइट पंच बघून अडवणं माणसाच्या हातचंच नाही, कारण नुसतं बघून बोट हलायलाच बारा-पंधरा फ्रेम जातात. आणि मी रात्रभर ‘हे कसं दिसलं नाही’ म्हणून स्वतःला बोल लावत होते, त्यातलं निम्मं असलंच होतं. वहीत दोन रकाने केले. दिसू शकलं असतं ते एकात, कुणालाच दिसलं नसतं ते दुसऱ्यात. दुसरा रकाना भरत गेला तसा राग आपोआप उतरला. पहिल्यातलं एकच घेतलं: कोपऱ्यात सापडलं की ड्राईव्ह इम्पॅक्टचं बटण दाबायचंच नाही.

दोन आठवड्यांनी त्यालाच पुन्हा विचारलं. २-१०. मी खूश होते. दादा म्हणाला, “दहा गेम हरून हसतेस? तुला हरायची सवय लागलीय.” ते वाक्य मला फार लागलं. शांत राहणारा माणूस मनातून हरलेला असतो, हे त्याचं मत मला साफ चूक वाटतं.

दादाचा कायमचा पुरावा म्हणजे फायटिंग गेमच्या एव्हो या मोठ्या स्पर्धेतली २००४ ची एक गाजलेली क्लिप, स्ट्रीट फायटरच्या जुन्या भागातली. दाइगो उमेहारा या खेळाडूच्या केन या पात्राची रक्ताची रेघ संपत आलेली, समोरच्या जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचा सुपर, म्हणजे लाथांचा मोठा हल्ला, सुटलेला, लोक किंचाळतायत. दादाला त्यात जोश दिसतो. पण ब्लॉक करूनही थोडं रक्त जातंच, त्यामुळे सुपर नुसता ब्लॉक केला असता तरी दाइगो हरला असता, म्हणून त्याने एकेक लाथ वेगळी पॅरी केली, म्हणजे नेमक्या क्षणी नुकसान न होता परतवली. लाथांचा ताल पाठ असल्याशिवाय आणि डोकं थंड असल्याशिवाय ते जमतच नाही. शिवाय दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही, फायनल केंजी ओबाताने मारली. दादाने ती फायनल कधी बघितलेलीच नाही.

तर माझं म्हणणं, हरताना शांत राहायचा प्रयत्न करू नका, मोजा. एका सेटमध्ये एकच गोष्ट: किती वेळा उडी मारली, किती वेळा थ्रो खाल्ला. आणि फरक किती आहे तेही बघा. खेळाडूंची ताकद गुणांत मोजणाऱ्या एलो पद्धतीत ४०० गुणांचं अंतर असेल तर अकरांत एखादा गेम निघणं हाच तुमचा हिशेब असतो. दहा हरलात म्हणजे काही बिघडलं नाही.

हे सगळं एकास एक खेळाचं झालं. टीम गेममध्ये स्वतःचाच साथीदार शिव्या घालत असेल तर वही काय कामाची, त्याला म्यूट करा. समोरचा चीटिंग करत असेल तर रिपोर्ट करून निघा, तिथे शिकण्यासारखं काही नसतं. झोपेचं राहिलंच. मी रात्रीचा शेवटचा गेम रँक्ड खेळत नाही, ट्रेनिंग मोड लावते आणि मग बंद करते. मला त्याचा उपयोग झाला. रोजच झोप उडत असेल तर मात्र काही दिवस रँक्ड बंदच ठेवा.