एकाच वस्तूची ऑर्डर आली की अ‍ॅरे का बिघडतो

फोनवरून लिहितोय, म्हणून कोड चिकटवत नाही. फंक्शनांची नावंही देवनागरीतच लिहितो, ओळखू येतील.

तुमची अडचण मला कळली ती अशी: बाहेरच्या सेवेकडून ऑर्डरी जेसनमध्ये (डेटा मजकुराच्या रूपात पाठवायची एक पद्धत) येतात, तुम्ही त्या पीएचपीत डीकोड करून अ‍ॅरे (किमतींचा संच, प्रत्येक किमतीला तिच्या नावाची किंवा क्रमांकाची एक ‘की’) करता आणि आतल्या ‘आयटम्स’वर फॉरईच हा लूप फिरवून वस्तूंच्या ओळी छापता. बहुतेक ऑर्डरी बिनबोभाट जातात. काहींमध्ये मात्र एका वस्तूच्या चार ओळी येतात, नावाच्या जागी कुठे एखादं सुटं अक्षर, कुठे चौकटीतलं प्रश्नचिन्ह, आणि काही जागा कोऱ्याच. सर्व्हर पीएचपी 7.4 वर आहे. ‘डेटा करप्ट होऊन येतोय का?’ असा तुमचा प्रश्न.

डेटा करप्ट नाही. बिघडलेल्या ऑर्डरी वेगळ्या काढा आणि त्यांत किती वस्तू आहेत ते बघा. पैजेवर सांगतो, प्रत्येकीत एकच वस्तू असेल.

दोन किंवा जास्त वस्तू असल्या की ‘आयटम्स’मध्ये वस्तूंची यादी येते: शून्य, एक, दोन अशा आकडी कीज आणि प्रत्येकीखाली एकेका वस्तूचा अ‍ॅरे. वस्तू एकच असली की ही यादीची पायरीच गायब होते आणि ‘आयटम्स’खाली थेट नाव, कोड, नग, दर या कीज येतात. एकच पत्र असेल तर पाकीट कशाला, म्हणून ते तसंच हातात द्यावं, तसा हा प्रकार. तुमचा फॉरईच बिचारा प्रामाणिक आहे. त्याला वाटतं या चार वस्तू आहेत, म्हणून चार ओळी.

आता ती सुटी अक्षरं. लूपच्या पहिल्या फेरीत हातात वस्तूचा अ‍ॅरे नसतो, नुसती नावाची स्ट्रिंग (साधा मजकूर) असते. त्या स्ट्रिंगला तुम्ही ‘नाव’ ही की विचारता. 7 मालिकेतला पीएचपी अशा वेळी इशारा नोंदवतो आणि की शून्य समजून स्ट्रिंगचा पहिला बाइट काढून देतो. इंग्रजी नाव असेल तर पहिलं अक्षर दिसतं. देवनागरी असेल तर यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) एका अक्षराचे तीन बाइट असतात, त्यातला एकच हाती लागतो आणि ब्राउझर त्याचं प्रश्नचिन्ह करतो. नग हा पूर्णांक असेल तर त्याला की विचारल्यावर नल (‘किंमतच नाही’) मिळतं, म्हणजे कोरी जागा. (7.4 पासून यावर निदान नोटिस तरी येते. त्याआधी तीही नव्हती.) 8 वर गेलात तर स्ट्रिंगच्या बाबतीत थेट टाइपएरर येऊन पान थांबेल. खरं तर तेच बरं.

आणखी एक. तो तुटका बाइट असलेला अ‍ॅरे पुढे कुठे तुम्ही जेसन_एन्कोडला देत असाल तर तिथे वेगळंच नाटक होतं. तुटक्या यूटीएफ-8 वर जेसन_एन्कोड फॉल्स परत देतं, फॉल्स छापलं की काहीच छापलं जात नाही, आणि समोरचा म्हणतो पान रिकामं येतंय. मग माणूस नेटवर्क तपासत बसतो. जेसन_थ्रो_ऑन_एरर हा झेंडा (चूक झाली की थेट एरर फेकायला लावणारा पर्याय) 7.3 पासून आहे. तो दोन्हीकडे लावा, एन्कोडला आणि डीकोडला.

तुम्हाला दोन सल्ले मिळालेले दिसतात. पहिला, प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्नचिन्हांचं ऑपरेटर लावून रिकामी स्ट्रिंग द्यायची. कृपा करून हे करू नका. त्या ऑपरेटरच्या पोटात इसेट (किंमत आहे का ही तपासणी) आहे आणि स्ट्रिंगवर ‘नाव’ अशी की इसेटला सापडतच नाही. म्हणजे आज जे चुकीचं अक्षर तरी दिसतंय, त्याजागी चार स्वच्छ कोऱ्या ओळी येतील, लॉगमधला इशाराही बंद होईल, आणि वस्तू हरवल्याचं कुणालाच कळणार नाही. ते ऑपरेटर ऐच्छिक माहितीसाठी आहे, शेरा किंवा दुसरा फोन नंबर अशा गोष्टींसाठी. अ‍ॅरेचा आकारच चुकलाय, त्यावर ते पांघरूण घालतं. माझं मत जरा टोकाचं असेल, पण अनोळखी कोड तपासताना एकाच ओळीत ती प्रश्नचिन्हं तीनदा दिसली की मी तिथेच खणायला लागतो.

दुसरा सल्ला, ‘आयटम्स’ला अ‍ॅरेत कास्ट करा (म्हणजे जबरीने तो प्रकार करून घ्या). त्याने काहीही होत नाही, कारण ते आधीच अ‍ॅरे आहे. इज_अ‍ॅरे तपासणीही त्याच कारणाने निरुपयोगी. प्रश्न अ‍ॅरे आहे की नाही हा नसून तो यादी आहे की एकच नोंद, हा आहे. 8.1 पासून यासाठी अ‍ॅरे_इज_लिस्ट आहे. तुमच्याकडे 7.4 आहे, तर अ‍ॅरे_व्हॅल्यूज काढून मूळ अ‍ॅरेशी तीन बरोबर चिन्हांनी तुलना करा, अर्थ तोच. मग छोटं फंक्शन: नल किंवा रिकामी स्ट्रिंग आली तर रिकामा अ‍ॅरे, यादी आली तर जशीच्या तशी, बाकी काहीही आलं तर त्याच्याभोवती चौकोनी कंस घालून एका नोंदीची यादी. चार ओळींचं काम आहे.

सावधगिरी एवढीच की जिथे कीज म्हणून वस्तूंचे कोड येतात, तिथे हे फंक्शन लावू नका. ‘101’ अशी स्ट्रिंग की पीएचपी गुपचूप पूर्णांक 101 करतं (‘0101’ मात्र स्ट्रिंगच राहते, हेही लक्षात असू द्या) आणि तो अ‍ॅरे यादी ठरत नाही. तुमचं फंक्शन मग अख्ख्या संचाला एक नोंद समजेल. अशाच अ‍ॅरेवर अ‍ॅरे_मर्ज चालवलंत तर आकडी कीज शून्यापासून नव्याने लागतात आणि कोड गेले ते गेलेच. तिथे अधिक चिन्ह वापरा, ते कीज राखतं. कीज जुळल्या तर डावीकडची किंमत टिकते.

हा आकार मुळात का बदलतो? कारण बहुतेक वेळा पलीकडे मूळ डेटा एक्सएमएल (टॅगांत गुंडाळून लिहिलेला मजकूर) असतो आणि कुणीतरी तो यंत्रवत जेसन करून देत असतं. एक्सएमएलमध्ये यादी अशी वेगळी चीजच नाही, एकच टॅग पुन्हा पुन्हा येतो इतकंच. परिवर्तकाला टॅग दोनदा दिसला तर तो यादी करतो, एकदा दिसला तर त्याला कळायला मार्गच नाही. पीएचपीतली ती प्रसिद्ध युक्ती, सिंपलएक्सएमएल (एक्सएमएल वाचायचं पीएचपीचं हत्यार) घेऊन जेसन_एन्कोड आणि लगेच जेसन_डीकोड, नेमकं हेच करते. शिवाय रिकामा टॅग तिच्यात रिकामा अ‍ॅरे होतो, म्हणून शेऱ्याच्या जागी कधीकधी ‘अ‍ॅरे’ हा शब्द छापून येतो. तुमच्याकडे कच्चं एक्सएमएल येत असेल तर ती युक्ती सोडा आणि सिंपलएक्सएमएलवरच फॉरईच फिरवा. एक टॅग असो वा दहा, तो सारखाच चालतो. सोप (एक्सएमएलमधून निरोप पाठवायची पद्धत) असेल तर पीएचपीच्या सोपक्लायंटला एक फीचर देता येतं, सोप_सिंगल_एलिमेंट_अ‍ॅरेज, ते याच दुखण्यासाठी आहे. पायथॉनवाल्यांच्या एक्सएमएलटूडिक्टमध्ये फोर्स_लिस्ट असतं. म्हणजे हा आजार इतका जुना आणि इतका सर्वज्ञात आहे की औषध हत्यारांतच घालून ठेवलंय.

आणि म्हणूनच माझा राग. आम्हाला डेटा देणाऱ्या सेवेचा मदत विभाग (नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही) हे मान्यच करेना. पहिल्यांदा उत्तर आलं की त्यांच्या बाजूने प्रतिसाद वैध आहे. वैध आहेच! जेसन म्हणून त्यात खोट कुणी काढली होती? आम्ही दोन प्रतिसाद शेजारी शेजारी ठेवून पाठवले, एका वस्तूचा आणि दोन वस्तूंचा, फरकाखाली रेघ मारून. त्यावर त्यांनी स्क्रीनशॉट मागितला. जेसनचा स्क्रीनशॉट! तो दिल्यावर तक्रार वेगळ्या माणसाकडे गेली, त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं की तुम्ही आमचं दस्तावेजीकरण वाचलं का. वाचलं होतं. त्यात दिलेल्या प्रत्येक नमुन्यात दोन वस्तू होत्या. एका वस्तूचा नमुना अख्ख्या कागदपत्रात नव्हता, आणि ‘आयटम्स’चा प्रकार स्पष्ट ‘यादी’ असा लिहिला होता. हे त्यांच्याच पानाचा हवाला देऊन दाखवल्यावर तक्रार ‘निकाली’ म्हणून बंद. कारणाची जागा कोरी.

तोवर आमच्याकडे एका वस्तूच्या सगळ्या ऑर्डरींच्या पावत्या हाताने तपासायला एक माणूस बसवावा लागला होता, कारण पावती चुकीची गेली की ग्राहक आम्हाला विचारतो, त्यांना नाही. तो खर्च कुणी भरून दिला नाही. सगळ्यात वाईट भाग पुढे आला. बऱ्याच काळानंतर त्यांनी आकार दुरुस्त केला, पण न कळवता, आणि दुरुस्त करताना ‘आयटम्स’ आणि वस्तू यांच्यामधली ‘आयटम’ ही पायरीही काढून टाकली. ज्यांनी ज्यांनी जुन्या आकाराला धरून पाच-पाच ठिकाणी इफ-एल्स घातले होते, त्यांच्या सगळ्या सिस्टिम एकाच सकाळी कोसळल्या. आमच्याकडे आकार सरळ करण्याचं काम एकाच फंक्शनमध्ये होतं, म्हणून एक ओळ बदलून भागलं.

माझा सगळा आग्रह तिथेच आहे. डीकोड झाल्याबरोबर, दुसऱ्या कुठल्याही कोडला तो अ‍ॅरे दिसायच्या आत, तो सरळ करून घ्या. आणि फक्त ‘आयटम्स’ नव्हे. ज्या परिवर्तकाने वस्तूंची यादी गिळली तो ऑर्डरींची यादीही गिळणार (दिवसभरात एकच ऑर्डर आली तर) आणि वस्तूच्या आतली करांची यादीही. बाहेरून आत या: आधी ऑर्डरी, मग प्रत्येकीतल्या वस्तू, मग प्रत्येकीतले कर. अ‍ॅरे_वॉक_रिकर्सिव्ह इथे उपयोगाचं नाही, कारण ते फक्त टोकाच्या साध्या किमतींना भेटतं, मधल्या अ‍ॅरेंना नाही.

हे करताना फॉरईचमध्ये ‘&’ (रेफरन्सचं चिन्ह) लावून जागच्या जागी बदल करायचा मोह होईल. लावलात तर लूपनंतर ते व्हेरिएबल अनसेट करा. नाहीतर पुढे त्याच नावाने साधा फॉरईच फिरला की एक, दोन, तीन असलेल्या अ‍ॅरेचं एक, दोन, दोन होतं. मी सरळ नवा अ‍ॅरे बांधून परत देतो. मेमरीची चिंता कुणी काढेलच, पण पीएचपी अ‍ॅरे बदलेपर्यंत त्याची खरी प्रत करत नाही, आणि ऑर्डरींच्या आकाराला हा खर्च जाणवतही नाही. लाखो ओळींच्या फायली असतील तर गोष्ट वेगळी, त्याचा मला दावा नाही.

शक्य असेल तर त्याच ठिकाणी अ‍ॅरेची छोटी ऑब्जेक्ट्स करून टाका, ऑर्डरचा एक क्लास, वस्तूचा एक. 7.4 मध्ये टाइप लावलेल्या प्रॉपर्टीज आहेतच. नगाच्या पूर्णांक प्रॉपर्टीत अ‍ॅरे घालू पाहिला तर तिथल्या तिथे एरर येईल. बरेच जण याला अतिशहाणपणा म्हणतात. एकदा वापरायच्या स्क्रिप्टसाठी मीही म्हणेन.

तपासताना प्रिंट_आर वापरत असाल तर सोडा. त्यात नल, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग तिन्ही सारखीच कोरी दिसतात. व्हार_डम्प कुरूप आहे पण खरं बोलतं. आणि चाचणीसाठी तीन नमुने कायमचे फाइलमध्ये ठेवा: शून्य वस्तू, एक वस्तू, दोन वस्तू. दहा वस्तूंच्या नमुन्याने दोनपेक्षा जास्त काही कळत नाही.

राहिल्या आजवर बिघडून साठलेल्या ऑर्डरी. डेटाबेसमध्ये नावाचा पहिला बाइटच गेला असेल तर त्यातून नाव परत येणार नाही, दुरुस्तीच्या स्क्रिप्टवर वेळ घालवू नका. मूळ प्रतिसाद कुठे लॉगमध्ये असेल तर त्यावरून नवं फंक्शन पुन्हा चालवा. नसेल तर ज्या ऑर्डरींच्या ओळी संशयास्पद आहेत त्यांचे क्रमांक काढून त्या सेवेकडून पुन्हा मागवा, आणि आजपासून डीकोड करण्याआधीचा कच्चा मजकूर तारखेसकट साठवायला लागा. त्यात ग्राहकांचे पत्ते असतात, म्हणून तो किती दिवस ठेवायचा आणि कोण बघू शकेल हे आधी ठरवून घ्या.