जुन्या ऑस्ट्रेलियन कंट्रीत ऊब येते कुठून?

अमेरिकन कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलची गाणी ऐकून झाल्यावर ऑस्ट्रेलियन कंट्री गायक स्लिम डस्टी लावला की एकदम आपल्याजवळ बसून कुणी गातंय असं का वाटतं, हे जुन्या रेकॉर्डिंगमुळे होतं का, असं तुम्ही विचारलंत. रेकॉर्डिंगचा वाटा थोडा. खरी गोष्ट म्हणजे तिथे आवाज सगळ्यांत पुढे असतो. अकूस्टिक गिटार ठेका धरते, फिडल किंवा स्टील गिटार दोन ओळींच्या मधल्या जागेत बोलून घेते आणि शब्द सुरू झाले की मागे सरते. 'लाइट्स ऑन द हिल' फक्त गिटारीकडे कान देऊन एकदा ऐका. रात्री ट्रक चालवणाऱ्याचं गाणं आहे, आणि शब्द एकही हरवत नाही. ते स्लिमच्या पत्नीने, जॉय मकीनने लिहिलं. 1973 साली टॅमवर्थ या कंट्री संगीतासाठी प्रसिद्ध ऑस्ट्रेलियन गावात पहिल्यांदा कंट्री संगीताचे गोल्डन गिटार पुरस्कार दिले गेले, तेव्हा याच गाण्याला मान मिळाला. जॉयचं नाव स्लिमच्या मागे झाकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

सुरुवात मात्र अमेरिकेच्या छायेतच झाली. गायक टेक्स मॉर्टनने 1936 साली सिडनीत रेकॉर्डिंग केलं तेव्हा अमेरिकन गायक जिमी रॉजर्सचं यॉडलिंग, म्हणजे सूर झटकन खाली-वर उडवत गाणं, कानात होतंच. पुढे बुश बॅलड, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण जगण्याची गाणी, गाणाऱ्यांनी स्वतःचा उच्चार, स्वतःच्या नद्या, दुष्काळ, गुरं हाकणारी माणसं गाण्यात आणली. स्लिम केम्पसी गावाजवळच्या दुधाच्या फार्मवर वाढला. बोलतो तसाच गातो, सूर ताणून दाखवत नाही. 1954 पासून तो आणि जॉय कॅरव्हॅन घेऊन गावोगाव कार्यक्रम करत फिरले, दूरच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत गेले. समोर बसलेल्या माणसाला स्वतःचंच आयुष्य ऐकू येत असेल, तर खोटा शब्द तिथे लगेच उघडा पडतो. माझ्या मते त्या उबेचं मूळ इथे आहे.

'अ पब विथ नो बिअर' सगळ्यांना ठाऊक असतं, पण मी आधी 'व्हेन द रेन टम्बल्स डाउन इन जुलै' ऐकायला सांगेन. 1945 सालचं, स्लिम अठरा वर्षांचा असताना लिहिलेलं. पुराचं वर्णन आहे, तरी आवाज कुठेही चढत नाही. नंतर आजच्या पिढीचा ऑस्ट्रेलियन कंट्री गायक ट्रॉय कॅसार-डेली ऐका. वाद्यमेळ नवा आहे, पण शब्दांना तीच जागा मिळते.

तुम्ही सिडनीतच आहात, तर जानेवारीत टॅमवर्थचा महोत्सव चुकवू नका. तिकिटाच्या कार्यक्रमांआधी पील स्ट्रीटवर फिरा. तिथे फुटपाथवर गाणाऱ्यांपैकी काहींकडे एक गिटार सोडून दुसरं काहीच नसतं, आणि मला तेच जास्त आवडतात.