स्ट्रीमरला 65 हजार घालावेत का?

तुमचा प्रश्न वाचला. राजारामपुरीत घर, वडिलांचा जुना अँप्लिफायर, बुकशेल्फ स्पीकर आणि 300 सीड्या, बहुतेक ख्यालाच्या. सीडी प्लेअर अडकायला लागलाय. दुकानात एक स्ट्रीमर (इंटरनेटवरची किंवा घरच्या डिस्कवरची गाणी अँप्लिफायरला पोचवणारी पेटी) 18 हजारांचा दाखवला, एक 65 हजारांचा. आणि घरात म्हणतात, फोनवरून ब्लूटूथनं लागतंय की, मग कशाला?

स्ट्रीमर घ्या, पण 18 हजारांचा.

आधी ब्लूटूथचं बोलतो. त्यात आवाज दाबला जातो हे खरं. सीडीवर सेकंदाला 1,411 किलोबिट असतात, ब्लूटूथच्या साध्या एसबीसी कोडेकवर, म्हणजे आवाजाची माहिती दाबून पाठवायच्या पद्धतीत, ते सव्वातीनशेपर्यंत खाली येतात. पण माझी मुख्य तक्रार ती नाहीच. ब्लूटूथवर गाणं फोनमधून जातं. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरी बाबा पहाटे ललत लावून बसायचे. आलाप मंद्रात उतरून षड्जावर टेकतोय, तेवढ्यात मेसेजची टिंग. असं दोन-तीनदा झालं आणि त्यांनी ऐकायला बसणंच सोडलं. स्ट्रीमर आल्यावर फोन नुसता रिमोट झाला. काय लावायचं ते एकदा सांगितलं की पेटी स्वतः राउटरवरून गाणं ओढून घेते, मग फोनवर खुशाल बोला. आता बाबा पुन्हा साडेपाचला बसतात. माझे पैसे तिथंच वसूल झाले.

आता महागडी पेटी जास्त चांगली वाजते का? एका मित्राची आठवडाभर घरी आणली होती. दोन्ही स्ट्रीमर एकाच अँप्लिफायरला जोडले, स्पीकरच्या तारांवर मल्टिमीटर लावून आवाजाची पातळी सारखी केली आणि मुलाला सांगितलं, मला न दाखवता सिलेक्टर फिरव. 20 वेळा विचारलं, माझं 11 वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. पातळी सारखी केली नाही तर जो किंचित मोठा वाजतो तोच खुललेला वाटतो, म्हणून दुकानातल्या डेमोवर जाऊ नका. जादा पैसे जाड डब्याचे, पडद्याचे, जास्तीच्या जोडण्यांचे असतात. ते हवं असेल तर जरूर घ्या. आवाज सुधारेल म्हणून मात्र नको. तेच पैसे स्पीकरला लावलेत तर फरक पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

दुकानात एक गोष्ट मात्र स्वतः तपासा. मैफलीच्या रेकॉर्डिंगमध्ये विलंबित एका ट्रॅकवर असतो, द्रुत पुढच्या. गवई थांबलेला नसतो, तानपुरा तर मुळीच नाही. पेटी गॅपलेस, म्हणजे ट्रॅकमध्ये खंड न पाडता वाजवणारी, नसेल तर दोन ट्रॅकच्या मध्ये अर्ध्या सेकंदाचं भोक पडतं, आणि अंधारात पायरी चुकल्यासारखं होतं. अशी एक सीडी पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि तोच जोड लावून बघा.

दुसरं म्हणजे सॉफ्टवेअर. माझा पहिला स्ट्रीमर यंत्र म्हणून ठणठणीत होता, पण कंपनीनं चार वर्षांत ॲपकडे पाठ फिरवली आणि पेटी माळ्यावर गेली. याउलट लॉजिटेकचे स्क्वीझबॉक्स नावाचे स्ट्रीमर 2012 मध्ये बंद झाले, तरी त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे ते आजही लिरियन म्युझिक सर्व्हर या नावानं चालू आहे आणि जुन्या पेट्या वाजतात. म्हणून विचारा: कंपनीचा सर्व्हर उद्या बंद पडला तर घरच्या डिस्कवरची गाणी डीएलएनएनं (घरातल्या नेटवर्कवरून गाणी लावायची सामाईक पद्धत) लागतील का? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी पेटी बघा.

खरं काम मात्र सीड्यांचं आहे आणि ते पावसाळ्याआधी सुरू करा, दमट हवेत बुरशी धरते. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यानं सीड्या फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता लहान होणारी फाइल) उतरवा. सीडीमागे साधारण 300 ते 400 एमबी, म्हणजे सगळ्या मिळून 120 जीबीच्या आत. दोन ठिकाणी ठेवा. नावं मात्र हातानं भरा. शाहू महाराजांनी जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांना आणलं ते हे आपलं कोल्हापूर, इथल्या घरात खोकर, बिहागडा, बसंती केदार निघणारच, आणि इंटरनेटवरच्या याद्यांत अशा अनवट रागांची नावं बऱ्याचदा चुकलेली असतात. मल्लिकार्जुन मन्सूरांचं स्पेलिंग माझ्याकडे तीन तऱ्हांनी आलं होतं, म्हणजे ॲपमध्ये तीन मन्सूर! शीर्षकात आधी राग, मग बंदिश, असं ठेवलं तर वडिलांना पटकन सापडेल. संध्याकाळी त्यांना शेजारी बसवून चार-चार सीड्या करा. कुठली कुणी दिली, कुठल्या मैफलीनंतर घेतली, हे त्यांनाच माहीत असणार.

वायफायपेक्षा लॅनची तार बरी. जुन्या जाड भिंतीतून सिग्नल मध्येच गळतो आणि गाणं अडखळतं, तिथं स्पीड वाढवून उपयोग नाही. राउटरला छोटा यूपीएस लावा, पावसात लाइट गेली-आली की पहिला तोच रुसतो.

आणि अँप्लिफायरच्या मागच्या बाजूचा एक फोटो टाका. नुसत्या लाल-पांढऱ्या पिना आहेत की ऑप्टिकलही आहे, ते बघून कुठली केबल घ्यायची ते सांगतो.