सलाईनमधून दिलेल्या पेशी पायापर्यंत पोचतात का?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ यंत्रमागावर कामाला आहे, वय 36. विडी काही सुटत नाही. उजव्या पायाचा अंगठा काळा पडलाय, ठणक्यानं रात्रभर झोप नाही. बर्जरचा आजार, म्हणजे पायाच्या रक्तवाहिन्या बंद पडतात तो, असं निदान झालंय. एका दवाखान्यात म्हणाले, ‘सलाईनमधून स्टेम सेल देऊ, त्या आजाराची जागा आपोआप शोधतात.’ खर्च मोठा आहे. मी घरी विड्या वळते, कर्ज काढावं लागेल. काढू का?
— एक भगिनी, विडी घरकुल, कुंभारी

उत्तर : ताई, या सलाईनसाठी कर्ज काढू नका.

हाताच्या शिरेत सोडलेलं काहीही आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं, तिथून फुप्फुसात. पायाचा नंबर त्यानंतर. अशा उपचारांत बहुधा मेसेनकायमल पेशी देतात, म्हणजे मज्जा, चरबी अशा ठिकाणांहून घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूळपेशी (स्टेम सेल). त्यांचा व्यास साधारण 15 ते 30 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माझा जन्म सूक्ष्मदर्शकापुढे गेला, त्यामुळे आधी माप विचारायची खोड आहे. 7-8 मायक्रॉनची तांबडी पेशीसुद्धा फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून अंग चोरून जाते. तिथे या पेशी म्हणजे साखर पेठेच्या बोळात सुताच्या गाठी लादलेला टेम्पो. बहुतेक तिथेच अडकतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं की त्यातल्या बऱ्याच दिवसाभरात नाहीशा होतात.

‘आपोआप शोधतात’ हे अर्धं खरं आहे, म्हणूनच खपतं. बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये रक्त बनवणाऱ्या मूळपेशी शिरेतूनच देतात आणि त्या बरोबर मज्जेत जाऊन बसतात. कारण मज्जा सीएक्ससीएल-12 नावाचं प्रथिन सोडत असते आणि ते ओळखणारा ग्राहक-रेणू (रिसेप्टर), सीएक्ससीआर-4, या पेशींच्या अंगावर असतो. शिवाय मज्जेतल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून घरंगळत थांबण्याची सोयही त्यांच्याकडे असते. मेसेनकायमल पेशींकडे हे सामान मुळात तुटपुंजं, आणि प्रयोगशाळेत वाढवताना ते आणखी घटतं.

हे सामान पेशींवर बाहेरून बसवण्याची खटपट चालू आहे. 2008 मध्ये रॉबर्ट सॅकस्टीन यांच्या गटानं या पेशींवरच्या सीडी-44 या रेणूला फ्यूकोज ही शर्करा जोडली, तेव्हा उंदरांच्या शिरेत सोडलेल्या मानवी पेशी हाडापर्यंत पोचल्या. कुणी सीएक्ससीआर-4 चं जनुक घालतं, कुणी लोहाचे सूक्ष्म कण भरून चुंबकानं ओढून पाहतं. सुंदर काम आहे, पण तुमच्या भावाच्या अंगठ्याला आज त्याचा उपयोग नाही.

बर्जरसाठी आपल्या औषध नियंत्रकांनी मान्यता दिलेल्या पेशी आहेत, हेही सांगायला हवं. बंगळूरच्या कंपनीला 2016 मध्ये पहिली, मर्यादित मान्यता मिळाली. पण त्या देतात कशा? पोटरीच्या स्नायूत सुया टोचून! बनवणाऱ्यांनीच पेशींच्या वाट शोधण्यावर भिस्त ठेवलेली नाही. म्हणून कुणीही पेशींचा उपचार सुचवला तर आधी विचारा, सुई कुठे टोचणार? दुसरं, याला मान्यता आहे की ही ट्रायल आहे? ट्रायल असेल तर सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ट्रायलमधल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

भावाला याच आठवड्यात सिव्हिलच्या सर्जरी ओपीडीत न्या. काळा पडलेला अंगठा थांबत नसतो. आणि विडी पूर्ण बंद, दिवसाला एकसुद्धा नाही, तंबाखूची चिमूटही नाही. तुमच्या हातची विडी असली तरी ताई, तीच त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या बंद करतेय. ती चालू असताना कुठल्याही पेशी, कशाही दिल्या तरी, पैसा पाण्यात.

प्रश्न : कार-टी पेशी रक्ताच्या कर्करोगावर चालतात, मग घट्ट गाठींवर का नाहीत?
— बीएस्सीचा विद्यार्थी, जुळे सोलापूर

उत्तर : कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, कर्करोगाच्या पेशीवरची ठरावीक खूण ओळखणारा रिसेप्टर त्यांच्यावर बसवून परत देणं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या ज्या कार-टीला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली, तिचं लक्ष्य बी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशींचे कर्करोग. ते रक्तात, मज्जेत, लसिकाग्रंथींत असतात, आणि टी-पेशींचा वावर तिथेच असतो. गाठीतल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, भोवती तंतूंचं दाट जाळं. आत शिरलेल्या टी-पेशीही तिथे दबून जातात. शिवाय गाठीतल्या सगळ्या पेशींवर एकच खूण सापडत नाही. बऱ्याच गाठी आयएल-8 नावाचं प्रथिन सोडतात, म्हणून त्याचा माग काढणारा सीएक्ससीआर-2 हा रिसेप्टर टी-पेशींवर बसवून पाहताहेत. मेंदूच्या गाठींत काही ट्रायलमध्ये पेशी शिरेऐवजी थेट मेंदूभोवतालच्या द्रवात सोडल्या जातात.